पुष्टीच्या खोलीतला उपास

कॅलाबार, २१ ऑक्टोबर

मायेन,

तुझी मुलगी सुखरूप पोचली. उदोनं बस अड्ड्यावर लावली आणि तिला स्वतः माझ्या दारापर्यंत आणून सोडलं. ड्रायव्हर असूनही भला माणूस आहे. तिच्याबरोबर तुझे ते पांढरे डबे आले आणि एक चिठ्ठी. आईच्या मयतानंतर चार वर्षांनी बहिणीला लिहिलंस ते एवढंसं, आणि त्यातही सगळं पावडर कशी कालवायची याचंच. शेवटी काय, तर 'खोलीचं दार बंद ठेव.' वर 'ताई' एवढा शब्द लिहायला शाई संपली होती का गं?

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून हा कागद. उदो दर आठवड्याला लागोसला जातो, तुझ्या हातात देईल. वाचायचं की नाही ते तुझं तू बघ.

तुझं मागणं मी चारदा वाचलं. ही न्कुहो आहे, पुष्टीची खोली. लागोसला राहून विसरली असशील, म्हणून आठवण देते. आजीनं चालवली, आईनं चालवली, आता मी चालवते. लग्न ठरलेली पोरगी इथे येते, खाते, निजते, तेलानं अंग चोळून घेते आणि बाहेर पडते ती अशी भरून, की गल्लीतल्या बायका नुसत्या बघत राहतात. तूही अशीच बाहेर पडली होतीस. आणि आता तू मला सांगतेस, की याच खोलीत पोरीला वाळव. वर झगा आधीच शिवून ठेवलायस, दोन मापं लहान!

तुला ही खोली का आठवली ते मला कळतं. आत गेलेली मुलगी ठरल्या दिवसाआधी उंबरा ओलांडत नाही, तिला परकं माणूस बघत नाही, आणि मी देईन तेवढंच तिच्या पोटात जातं. तुला माझा स्वयंपाक नको होता, माझं कुलूप हवं होतं.

तरी मी हो म्हटलं. इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलंस.

आतिम

कॅलाबार, २ नोव्हेंबर

मायेन,

इक्वो बरी आहे. तुझ्या चिठ्ठीत आहे तसंच चाललंय. सकाळी पावडरचा पेला, दुपारी पेला आणि अंड्याचं पांढरं, रात्री उकडलेला मासा, बिनतेलाचा, बिनमिठाचा. असला मासा मी मांजरापुढेही ठेवला नसता. सुरण नाही, कसाव्याच्या पिठाची गारी नाही, केळं नाही, फळ नाही. ताडतेल फक्त अंगाला. शेजारची अफियाँग विचारत होती, खोलीत मुलगी आहे म्हणतेस आणि तुझ्या चुलीला वास कसा नाही? मी म्हटलं, तुझं नाक म्हातारं झालंय.

पहिले दिवस पोरगी रडली भुकेनं. मग भूक मेली. मला म्हणाली, मावशी, आता काहीच वाटत नाही, उलट डोकं कसं हलकं हलकं झालंय. हसते छान. खोटं कशाला बोलू, इतक्या वर्षांनी घरात कोणी हसतंय. संध्याकाळी तिचं अंग चोळताना मी तिला तुझ्या लहानपणच्या गोष्टी सांगते. आईच्या हंडीतली सुकी कोळंबी चोरून तू माझ्या कमरेला बांधली होतीस आणि मार मी खाल्ला होता, ते ऐकून तिचं हसू थांबेना. म्हणाली, आई आणि चोरून खाणं? मावशी, मी माझ्या आईला पोटभर जेवताना कधी पाहिलेलंच नाही. ती वाढते आणि उभी राहते.

तेव्हा मी विषय बदलला.

डब्यावर बारीक अक्षरात लिहिलंय, चष्मा लावून वाचलं. 'केवळ वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे.' तू वाचलं होतंस का? मी इक्वोला दाखवलं तर म्हणाली, अगं सगळ्यावरच लिहितात तसं, आणि विकणाऱ्या बाईंनी सांगितलंय की हजारो मुली घेतात. मी म्हटलं, बरं, देखरेख तर मी करतेच आहे, डोळ्यांत तेल घालून. माझ्या हाताखालून किती मुली गेल्या, एकीलाही कधी काटा रुतला नाही.

आतिम

कॅलाबार, १६ नोव्हेंबर

मायेन,

नवे डबे मिळाले. पत्राचं उत्तर म्हणून डबा पाठवणारी बहीण जगात तू एकटीच असशील. उदो सांगतो, तू माझी पत्रं पर्समध्ये ठेवतेस. ठेव बापडी.

पोरगी उतरलीय. गालाची हाडं वर आली, कंबर माझ्या दोन पंजांत मावेल. तुला हवं होतं ते होतंय, खूश हो. मला विचारशील तर तिच्या अंगावरून हात फिरवताना माझ्या हाताला काही सापडत नाही, पण मला कोण विचारतंय.

एक गोष्ट मात्र अगदी नीट चाललीय. ती झोपते. सकाळचा पेला घेते की झोपते, दुपारी उठवावं लागतं, चोळता चोळता पुन्हा डोळे मिटतात. खोलीला हेच तर लागतं. आई म्हणायची ना, जी मुलगी झोपेल तिला खोली लागू पडली, जी येरझारा घालील तिच्यावर पैसे वाया. तू किती येरझारा घालायचीस! ही तुझ्यासारखी नाही. हाक मारली तरी ओ देते ती कुठून तरी लांबून.

हातपाय गार असतात तिचे. इतक्या उकाड्यात मला पांघरूण मागते. उशीवर केस सापडतात, मी ते तिला न दाखवता चुलीत टाकते. या महिन्याची पाळीही आली नाही. मी आधी दचकलेच, तिला सरळ विचारलं, तर माझ्यावर एवढी चिडली की बस. म्हणाली, मावशी, लग्न ठरलंय तरी एफियोमनं अजून माझा हातसुद्धा धडपणे धरलेला नाही. वजन उतरतं तेव्हा असं होतं, त्या बाईंनी सांगितलंय. त्या बाईंना सगळंच ठाऊक दिसतंय.

आता हेही सांगून टाकते. तू पाठवलेला तो हिरवा चहा, पोट साफ करणारा, तो ती रोज घेते. दिवसातून किती वेळा मागच्या अंगणात जाते ते मी बघते. खोली सोडून तेवढीच तिची चाल. परवा परत येताना भिंत धरून उभी राहिली. मला बघून हसली आणि म्हणाली, बघ मावशी, वारा आला तर उडेन.

मला हसू आलं नाही.

आतिम

कॅलाबार, २८ नोव्हेंबर

मायेन,

काल तिचा फोन माझ्या पेटीतून काढून तुला लावला. तू उचललास. 'इक्वो, बाळ' म्हणालीस, किती गोड आवाजात. मी 'मायेन' म्हणायला आणि तू बंद करायला एकच गाठ पडली. मग जे सांगायचं होतं ते इथे लिहिते, आणि पोचेपर्यंत जे व्हायचं ते होवो.

तिचं काळीज चुकतंय.

मी डॉक्टर नाही. पण छातीवर तेल चोळताना तळव्याखाली ठोका लागतोच, मला तो चुलीवरच्या रटरटीइतका ओळखीचा आहे. हिचा चालतो, चालतो, मग थांबतो. मी हात तसाच ठेवून वाट बघते. मग एकदम दोन-तीन धडाधड येतात, मागे पडलेलं मूल पळत येतं तसे. पहिल्यांदा वाटलं माझाच हात थरथरतोय. दुसऱ्या दिवशीही तेच.

मी तिला म्हटलं, उद्या पेला नाही, उद्या दवाखाना. ती उठून बसली, माझे दोन्ही हात धरले. बर्फासारखी बोटं. म्हणाली, "मावशी, झगा अजून बसायचा नाही. आई लोकांसमोर काही बोलणार नाही, नुसती बघेल. तिचं ते बघणं तू पाहिलेलं नाहीस."

मी पाहिलंय. आईच्या मयताच्या जेवणाला मी तुझं ताट भरलं होतं आणि चारचौघांत म्हटलं होतं की नवरा उपाशी ठेवतो का गं तुला. तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस ते बघणं मी अजून विसरलेले नाही. मग तू उठून गेलीस आणि मी तुझ्या ताटात वाढलेलं सगळं कुत्र्याला घातलं. चूक कोणाची ते मला आज काढायचं नाही.

आणि दवाखान्यात न्यायचं म्हणजे दार उघडायचं. या दारातून मुलगी मध्येच बाहेर गेली, असं आजीपासून एकदाही झालेलं नाही. गल्ली काय म्हणेल, एफियोमच्या घरचे काय म्हणतील, पोरीत काही खोट निघाली म्हणतील. इक्वो म्हणाली, थोडेच दिवस राहिलेत. मी कडी काढली नाही. तुझ्याशी बोलणं झालं असतं तर कदाचित काढली असती.

कळव. डबा पाठवू नकोस, दोन ओळी पाठव.

आतिम

कॅलाबार, ४ डिसेंबर

मायेन,

तुझा डबा आला. बरोबर दोन ओळी नव्हत्या.

तो मी उघडलाही नाही. आधीचे होते ते सगळे मागच्या गटारात ओतले, गटाराला फेस आला. चिडायचं तर चीड. परवा सकाळी ती उठता उठता माझ्या अंगावर कोसळली, डोळे पांढरे करून. तोंडावर पाणी मारलं तेव्हा शुद्धीवर आली. म्हणाली, पाय घसरला. चटईवर कोणाचा पाय घसरतो?

मग मी ठरवलं, बास. ही खोली माझी आहे आणि मला एकच काम येतं. चूल पेटवली. अफियाँगला बाजारात पिटाळलं. अळकुड्या किसल्या, पानांत गुंडाळल्या, ताडतेल आणि सुकी कोळंबी घालून एकपांगचं मोठं भांडं चढवलं. गारीचे गोळे केले. राजेळी केळी तळली. मध घालून मक्याची पेज केली. सगळी गल्ली दरवळली. अफियाँग म्हणाली, आता कुठे घरात मुलगी असल्यासारखं वाटतंय.

इक्वो आधी नाहीच म्हणाली. मी तिला मांडीवर घेतलं, आई आपल्याला घ्यायची तशी. एक हात पाठीवर, एक हात तोंडाशी. पहिला घास तिनं नुसता धरून ठेवला. मग गिळला. आणि मग मायेन, ती रडत रडत खात सुटली. तोंडातला घास संपायच्या आत पुढचा मागत होती. मी भरवत गेले. दुपारी भरवलं, संध्याकाळी भरवलं, काल दिवसभर भरवलं. पोट दुखतं म्हणाली तर ओवा दिला आणि पुन्हा भरवलं. माझ्या जिवाला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आणि ऐक, आज सकाळी तिचे पाय भरलेत! घोट्यावर बोट दाबलं तर खळगा पडून राहतो. दुसऱ्या मुलींचं अंग भरायला महिना लागतो, हिच्या अंगानं दोन दिवसांत धरलं. रक्त आपलंच आहे शेवटी. जराशी धाप लागते, बोलताना शब्द चुकते, मला दोनदा आई म्हणाली. जड जेवणानं गुंगी येतेच. झोपू दे.

झगा उसवून ठेव. माझा जीव भांड्यात पडलाय.

आतिम

कॅलाबार, ७ डिसेंबर, इस्पितळाच्या व्हरांड्यातून

मायेन,

वरचं चार तारखेचं पत्र तुला पोचलं नव्हतं, ते याच्याबरोबरच येतंय. ते न्यायलाच उदो परवा सकाळी दारात उभा होता, आणि मी ते त्याच्या हातात देत असताना आतून आवाज आला. मडकं पडल्यासारखा. फाडणार होते ते पत्र. पण तूही वाच, मी किती आनंदात होते ते.

आपल्या दारातून मुलगी बाहेर येते ती केसांत पितळी फण्या लावून, नाचत. इक्वो आली ती उदोच्या खांद्यावर, तोंड उघडं, सुजलेले पाय लोंबत. त्या खोलीत याआधी पुरुषानं पाऊल टाकलेलं नव्हतं. मीच त्याला ओढत आत नेलं. गल्ली बघत होती आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही. हेच दहा दिवस आधी करायला हवं होतं.

इथे आल्यावर तिचं काळीज थांबलं. त्यांनी चालू केलं. पुन्हा थांबलं, पुन्हा चालू केलं. मी दाराच्या काचेतून बघत होते.

डॉक्टर एयो म्हणून आहे, इक्वोहून फार मोठी नसेल. तिनं विचारलं, काय खाल्लंय हिनं? मी डब्याचं सांगितलं, चहाचं सांगितलं. ती लिहून घेत होती. मग मी म्हटलं, पण दोन दिवस मी पोटभर घातलंय हो तिला, गारी, केळी, मध, सगळं. तिचा हात थांबला.

तिनं मला बाकावर बसवलं आणि समजावून सांगितलं. रागावली नाही, रागावली असती तर बरं. म्हणाली, इतके आठवडे नुसत्या पावडरवर राहिलेल्या शरीरातले क्षार संपत येतात, तो चहा उरलेसुरलेही काढून नेतो, काळीज त्यानंच अडखळत होतं. अशा आहारावर कोणाला ठेवायचंच असेल तर दर आठवड्याला रक्त तपासून ठेवतात, घरात कोंडून नाही. आणि अशा उपाशी माणसाला एकदम गोड आणि पिठूळ भरवलं की अंग हपापल्यासारखं उरलेले क्षार ओढून घेतं, काळजासाठी काही शिल्लकच राहत नाही. मी विचारलं, मग ते पाय? ते मांस नव्हतं का?

"पाणी होतं, आजी," ती म्हणाली.

तिला ढकलत ढकलत कड्यापर्यंत तुझ्या डब्यानं नेलं, मायेन, आणि शेवटचा धक्का माझ्या हातानं बसला. भरवणाऱ्या हातानं. हा हात मी आता कुठे ठेवू ते मला कळत नाही.

डॉक्टरनं तुला फोन केला तेव्हा मी शेजारीच होते. तुझं रडणं मला ऐकू आलं. 'मी कुठल्या तोंडानं येऊ' म्हणालीस तेही ऐकू आलं. फोन ठेवलास.

आतिम

कॅलाबार, १० डिसेंबर

मायेन,

हे पत्र छोटं आहे, उदोची बस लागलीय. उद्या तो तुझ्या दारात असेल. परतीच्या बसमध्ये तुझ्यासाठी पुढची जागा धरून ठेवायला त्याला सांगितलंय.

इक्वोनं काल डोळे उघडले. मला ओळखलं. मी तिच्या तोंडाशी कान नेला. मला वाटलं पाणी मागेल, तुला मागेल, एफियोमला मागेल. एफियोम बाहेरच बसलाय, परवापासून. त्यानं झग्याचं नावसुद्धा काढलेलं नाही. ती म्हणाली, "मावशी, या सलाईननं वजन वाढतं का?"

मी नाही म्हटलं.

आज सकाळी सलाईनची सुई बाहेर पडलेली होती, चादर ओली. नर्स म्हणते, झोपेत निघाली असेल. सुईवरची चिकटपट्टी नीट उकलून, घडी करून उशीखाली ठेवलेली मला सापडली. मी ती कोणाला दाखवली नाही. सुई पुन्हा लावलीय. मी तिचा हात धरून बसते, पण मलाही डुलकी लागते, मायेन, माझं वय झालंय.

डॉक्टर म्हणतात, धोका टळलेला नाही. आता तिला चमच्या-चमच्यानं द्यायचं, अगदी मोजकं, रोज रक्त तपासून थोडं थोडं वाढवत. पातळ पेजेचे चार चमचे, एवढंच. माझ्या हातून ती घेत नाही. तोंड मिटून घेते, भिंतीकडे वळते. माझ्या हाताला घाबरते की पेजेला, ते मला ठाऊक नाही. नर्सच्या हातूनही घेत नाही.

कुठल्या तोंडानं येऊ म्हणतेस. आहे त्याच तोंडानं ये. झगा आणू नकोस. मला काही बोलूही नकोस हवं तर, मी व्हरांड्यात बसेन, तुझ्या डोळ्यांसमोर येणार नाही. तू येशील त्या दिवशी घरून एक ताजं ताट भरून मी इस्पितळाजवळ उदोच्या बहिणीकडे ठेवीन, भात, मासा, तळलेली केळी. ते घेऊन आत जा, तिच्या खाटेशेजारी खुर्ची ओढ, आणि तिच्यासमोर बसून जेव.

ताई